मोदकातलं तेल

"काकू, अजून एक वाढा. यंदा चव काय सुरेख आलीय!" डबीरसाहेब मांड्या चोळत म्हणाले. "पाय मात्र गणपती बसल्यापासून भरून येतायत."

"आरतीला उभं राहून येत असतील," म्हणत मंडळाच्या पंगतीत यमुताईंनी मोदक वाढला.

सरकारने मिठातच कोलेस्टेरॉलचं औषध मिसळल्यापासून पपनसावर बंदी होती, कारण त्याच्या तेलाने ते औषध रक्तात साचायचं आणि स्नायू दुखू लागायचे. फळनियंत्रण अधिकारी डबीरांनी यमुताईंच्या यजमानांची पपनसाची बाग हसत हसत तोडली होती. यजमान त्या धक्क्यातून उठलेच नाहीत. सालींचं तेल तेवढं यमुताईंनी लपवून ठेवलं होतं.

एवढ्यात साहेबांच्या मनगटावरची रक्त तपासणारी सक्तीची चकती लाल झाली. बरोबरचे शिपाई उठून उभे राहिले.

"काकू, सांगा ना यांना! मी पपनसाला शिवलोसुद्धा नाही!"

"देवासमोर खोटं कसं बोलू, साहेब? रोज मागून मागून खाल्लंत."

साहेबांचा चेहरा उतरला. "म्हणजे मोदकात... अहो, तुम्हालाही अटक होईल!"

"होऊ दे की. गाडीत तुमच्या समोरच बसेन," यमुताई म्हणाल्या आणि पदराला हात पुसून चपला शोधू लागल्या.