शेजारची पट्टी

त्या पत्राला मी तीन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. बासरीवाल्या खळदकरानं लिहिलं होतं, ‘नाटकातली धून माझीच. मी बासरीवर वाजवलेली मिडी फाइल सोबत आहे. पेटीवाल्यांनी हक्क सांगू नये.’ खरं तर ती मीच त्याच्या स्टुडिओत की-बोर्डवर वाजवून दाखवली होती. तरी वाटायचं, आपलीच आठवण चुकत असेल.

परवा सुनेनं, वृंदानं, ती फाइल कॉम्प्युटरवर लावली.

“बघ, बासरीच आहे,” मी म्हणालो.

“बाबा, मिडीत आवाज नसतोच. कुठली पट्टी कधी, किती जोरात दाबली, एवढंच असतं. वाद्य आपण निवडायचं. पेटी लावू?”

पेटी लागली. दुसऱ्या ओळीत धैवताबरोबर शेजारची पट्टीही हलकेच वाजली. एकदा मोडलेली माझी अनामिका पन्नास वर्षं तिथंच घसरते आहे.

“आता लिहा त्याला,” वृंदा म्हणाली. “नाहीतर मी लिहीन, आणि मला तुमच्यासारखी भीड नाही.”

मी लिहिलं, ‘बासरीतून एका वेळी दोन सूर निघत नाहीत. तुझ्या फाइलमध्ये चार ठिकाणी निघतात. चोरताना माझ्या चुका तरी पुसायच्या होत्यास.’

खाली सही केली आणि पत्र रजिस्टर पोस्टानं पाठवलं.