भिंतीवरचा लाल डाग

आमचं घर विकत घ्यायला आलेल्या रिषभशेठने उष्णता मोजायचं यंत्र आणलं होतं. वीज कमी लागणाऱ्या घराला जास्त तारे, आणि तारे तसा भाव.

"काका, आठे भिंत गरम शे," भिंतीच्या एका जागेवर यंत्र रोखत तो म्हणाला. "एक तारा कमी."

माझं डोकं फिरलं. शेणानं सारवलेलं हे घर मे महिन्यातही गार असतं.

यंत्राच्या पडद्यावर पाठीएवढा लाल डाग होता. आकडा सदतीस, जित्या माणसाच्या अंगाचा. तिथेच टेकून माझी बायको हन्ना तुरीच्या शेंगा सोलायची. तिला पुरून तीन वर्षं झाली.

रिषभशेठ हसला. "हाई भिंतच पाडनी पडी."

"हात तर लाव, मग बघतो!" मी ओरडलो.

त्याने यंत्र पुन्हा रोखलं. भिंत गार होती. लाल डाग आता रिकाम्या दारात उभा होता, आणि आकडा चढत होता.