पाठीवरचे वळ

"हे कधीपासून?" डॉक्टर हंदायानींनी विचारलं.

"आत्ताच. दुपारी जेवायला बसले आणि कलंडले," तुमिना म्हणाली. शेजारी उभ्या असलेल्या सुनेकडे तिनं मुद्दामच बघितलं नाही.

कार्सोनो खाटेवर पडला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा लोंबता. बायकोला काही सांगू बघत होता, पण शब्दांऐवजी नुसती घरघर येत होती. एवढ्या उकाड्यात त्याच्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती. घरातून निघताना तुमिनानंच ती लावली होती.

खरं काय ते सुनेला, पलुपीला ठाऊक होतं. पहाटेचा नमाज झाल्यावर कार्सोनो नेहमीप्रमाणे आपल्या पाळीव कवड्याचा पिंजरा उंच खांबावर चढवायला गेला, आणि दोरी त्याच्या हातातून सुटली. "इबू, बापाकचं तोंड वाकडं दिसतंय, दवाखान्यात नेऊ या," पलुपी सासूला म्हणाली होती.

"तुम्हा सेमारांगच्या शहरवाल्यांना शिंक आली तरी डॉक्टर लागतो," तुमिना फणकारली होती. "वारं भरलंय अंगात. नाणं फिरवलं की निघेल."

तिचा हात गल्लीत नावाजलेला. आईकडून आलेलं जाड तांब्याचं नाणं, वर बाम, पाठीवर मणक्यापासून फासळ्यांपर्यंत तिरक्या रेघा. जितका वळ गडद तितकं वारं जास्त, आणि शेवटी ढेकर आली की सगळं बाहेर पडलं. कार्सोनो तर लबाड. ढेकर आली नाही तरी काढायचा, बायको खूश व्हावी म्हणून. त्या पहाटेही त्यानं कशीबशी एक काढली. "बघ, निघालं," तुमिना सुनेला म्हणाली. मग आल्याचं पाणी पाजलं. ते ओठांच्या कोपऱ्यातून उशीवर ओघळलं. ते तिनं पुसलं आणि त्याला झोपू दिलं. दुपारी उठवायला गेली तर तो उठेना.

डॉक्टर मेंदूचा फोटो बघून आल्या. "रक्तस्राव नाही. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलीय. नुकतंच झालं म्हणताय, तर ती विरघळवायचं इंजेक्शन देते. पण इबू, नीट आठवून सांगा. सकाळपासूनचं असेल तर ह्याच औषधानं डोक्यात रक्त सांडेल."

नर्स सुई भरत होती.

"इबू," पलुपी म्हणाली. बस्स, एवढंच. आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर तुमिनाला सोसले असते.

ती पुढे झाली. शर्टाची बटणं तिच्या बोटांना सापडेनात, शेवटची दोन तर तिनं तोडलीच. नवऱ्याला कुशीवर वळवून तिनं शर्ट वर ओढला.

"नका देऊ. हे बघा."

पाठभर वळ होते, ताजे लाल नव्हे, जांभळे पडलेले. डॉक्टर हंदायानी जावा बेटावरच वाढलेल्या. त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं.

"पहाटेचे?"

"पहाटेचे. माझ्याच हातचे."

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी नर्सला सुई बाजूला ठेवायला सांगितली आणि कार्सोनोला पुन्हा यंत्रात घातलं. परत आल्या तेव्हा पडद्यावर मेंदूचा रंगीत फोटो होता. "हा लाल भाग गेला. हा हिरवा अजून तग धरून आहे. त्याच्यासाठी आत जाते. डोकं उघडायचं नाही. मांडीतून बारीक नळी वरपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढते."

"आणि ह्यांचं बोलणं?"

डॉक्टरांचं बोट लाल भागावर टेकलं.

"पहाटेच आलो असतो तर?" तुमिनानं विचारलं.

"ते आता नको, इबू," डॉक्टर म्हणाल्या आणि आत गेल्या.

गुठळी निघाली. तांदळाच्या दाण्याएवढी होती म्हणे. दुसऱ्या दिवशी कार्सोनोची उजव्या हाताची बोटं हलायला लागली, तोंडही थोडं सरळ झालं. पण काहीही विचारलं की तो नुसता "ता... ता" करायचा, आणि आपलाच आवाज ऐकून गप्प व्हायचा.

तुमिना खाटेशी बसली होती. कालपासून मनात जुळवलेलं सगळं बोलणं तोंडापर्यंत आलं आणि एवढंच बाहेर पडलं: "माझं चुकलं हो."

कार्सोनोनं तिच्याकडे बघितलं. मग डाव्या हातानं खाटेची दांडी धरून, कण्हत, त्यानं तिच्याकडे पाठ फिरवली. बरोबरच आहे, तुमिनाला वाटलं. कशाला बघतील माझं तोंड.

तेवढ्यात त्याचा डावा हात चाचपडत मागे आला आणि त्यानं सदरा वर ओढला.

नाणं अजून तिच्या कमरेच्या गाठीत होतं. तिनं गाठ सोडली आणि ते पलुपीच्या हातात दिलं. मग रिकामा तळवा त्या जांभळ्या वळांवर ठेवला आणि हळूहळू फिरवू लागली, मणक्यापासून फासळ्यांपर्यंत.

थोड्या वेळानं कार्सोनोनं ढेकर काढली.