मास्तरांची काठी
पोंगलच्या कार्यक्रमात मास्तरांनी तोंडी शिकवलेली, कुठेच न छापलेली तमिळ कविता गाताना भार्गवी एक ओळ विसरून अडकली. उज्जैनच्या तमिळ मंडळात एखादा शब्द चुकला, की पहिल्या रांगेतून मास्तरांची काठी ठक्कन वाजायची. यंदा मास्तर नव्हते. त्यांच्या खुर्चीवर हार घातलेली काठी तेवढी होती. घाबरून भार्गवीने त्याच चालीत आईच्या स्वयंपाकघरातले शब्द घुसडले: पुळी, उप्पु, करुवेप्पिलै, म्हणजे चिंच, मीठ, कढीपत्ता! आता कुणीतरी हसणार, म्हणून तिने डोळे गच्च मिटले. पण हिंदीत वाढलेल्या त्या हॉलला चूक कळलीच नाही; टाळ्यांचा कडकडाट झाला. "वाह बिटिया! अब बच्चों को तू ही सिखाना," अध्यक्ष गहिवरून म्हणाले. समोर पोरं तालात म्हणूही लागली: पुळी, उप्पु, करुवेप्पिलै. भार्गवीने धावत जाऊन काठी आपटली. हॉल गप्प झाला आणि खऱ्या ओळीची वाट पाहू लागला.