सावरीचा शेंडा

पाणंदीत ढोल वाजायला लागला तेव्हा भिवातात्या शिडीवर होते आणि बांबूला बांधलेला कोयता सावरीच्या शेंड्याला जेमतेम पोचत होता. गावाने यंदाच्या होळीसाठी हीच सरळसोट सावर हेरली होती. अंगणातलं झाड होळीला जाणं हा मान, त्याला नाही म्हणायची रीत नव्हती. मात्र शेंडा मोडलेलं झाड होळीला चालत नसे.

बायकोने लावलेलं हे रोप आठ वर्षांत कौलांच्या वर गेलं होतं. बायको श्रावणात वारली. झाडाला फुलं यंदा पहिल्यांदाच आली. तात्यांनी डोळे मिटून कोयता ओढला.

ते खाली उतरतात तोच मंडळी अंगणात शिरली. मानकऱ्याने वर पाहिलं, जमिनीवर पडलेला लाल फुलांचा शेंडा पाहिला, मग खोडाच्या काट्यांनी ओरबाडलेले तात्यांचे हात पाहिले.

"वांदरांनी शेंडा मोडलाय रे," त्याने मागे वळून सगळ्यांना ऐकवलं. "खालच्या वाडीत चला, दुसरं झाड बघू."

ढोल पुढे निघाला. मानकरी जरा मागे रेंगाळला आणि हळूच म्हणाला, "तात्या, या वयात वांदरानं शिडीवर चढू नये."