दिव्यांचं झाड

शाळेच्या नाटकात तिला झाडाचं काम मिळालं होतं. आईची नजर दिवसेंदिवस अधू होत चालली होती. चेहरे ओळखू येत नव्हते, पण उजेड तेवढा कळायचा. म्हणून तिने चित्रकलेच्या बाईंना गळच घातली, "बाई, माझ्या झाडाला दिवे लावा ना. एवढ्या झाडांत आईला मी सापडायला हवी."

बाईंनी तिच्या पुठ्ठ्याच्या खोडाला सेलवर चालणारी दिव्यांची माळ गुंडाळली आणि सेलची डबी आतल्या बाजूने बांधून दिली. बाकीची सहा झाडं बिनदिव्यांची होती.

"आई, पहिल्या रांगेत बस. जे झाड चमकेल ना, ती मी," तिने घरी दहादा बजावलं.

पडदा उघडायची वेळ झाली आणि माळ लागेना. बाईंनी सेल बदलले, तारा हलवून पाहिल्या, पण एकही दिवा पेटला नाही. रडायलाही सवड नव्हती. इतर सहा झाडांसारखीच ती नाटक संपेपर्यंत उभी राहिली.

संपल्यावर रडवेल्या तोंडाने ती आईकडे धावली. ती काही बोलणार, तोच आईने तिला कुशीत ओढलं. "दिसलीस गं बाई! काय लखलखत होतीस! माझी तर तुझ्यावरून नजर हटेना."



तिने आईचा हात घट्ट धरला आणि ती म्हणाली, "सांभाळून, आई. पुढे पायरी आहे."