मधला शब्द

‘आज’ एवढंच तिनं टाइप केलं होतं. पुढे ‘दूध जास्त ठेवा’ असं दूधवाल्याला लिहायचं होतं. पण टॅबच्या कीबोर्डवर, जिथे पुढचे तीन शब्द आपोआप सुचतात, तिथे मधोमध आला ‘तू’.

दूधवाल्याशी तिची एवढी सलगी नव्हती. गंमत म्हणून तिनं तो मधला शब्द दाबला. पुढे आला ‘फार’. मग ‘थकलेली’. मग ‘दिसतेस’.

तेवढ्यात गॅसवरचं पातेलं उतू गेलं. ओटा पुसून ती परत आली, तेव्हा त्यातली गंमत निघून गेली होती.

घरात माणसं तीन, यंत्रं त्याहून जास्त. नवऱ्याचा फोन त्याच्या खिशात, तिचा तिच्या पर्समध्ये. नवऱ्याच्या मनगटावरचं घड्याळ त्याला सारखं उठून चालायला सांगायचं आणि तो त्याला सारखं गप्प करायचा. टॅब नावाला तिचा, दिवसभर ताबा मात्र सासऱ्यांचा. झटका आल्यापासून त्यांची वाचा गेली होती, उजवी बाजूही. डोक्यात किती उरलंय, हे डॉक्टरांनाही छातीठोक सांगता येत नव्हतं. मांडीवर टॅब ठेवून आगगाड्यांचे व्हिडिओ लावून दिले की ते खुर्चीत शांत बसायचे. डावं बोट काचेवर फिरत राहायचं.

ती सकाळी चष्म्याच्या दुकानात जायची ती संध्याकाळीच यायची. नवरा मात्र दुपारी वर्कशॉपमधून घरी येऊन वडलांना भरवायचा. म्हणजे दुपारी टॅबवर लिहिणारा माणूस कोण, हे उघड होतं. दुकानात ती हिशेबच करायची. हा जमायला तिला वेळ लागला नाही.

ती रोज चहा होईपर्यंत एखादा शब्द टाकून बघायची. ‘तुझ्या’ टाकलं की यायचं ‘हातचं खाऊन बरं वाटतं’. ‘त्याला’ टाकलं की ‘कळू देऊ नकोस’.

म्हणजे बाई लग्न झालेली होती.

तिनं मेसेज उघडले, मेल उघडले, नोंदी उघडल्या. सगळं कोरं. लिहून पुसलेलं होतं. पुसणारा पक्का होता, कीबोर्ड तेवढा चुगलखोर निघाला.

तिला लागलं ते दुसऱ्या बाईपेक्षा ते ‘थकलेली’. सासऱ्यांचं अंथरूण, औषधं, वर दुकान, वर स्वयंपाक. इतक्या दिवसांत ‘दमलीस का गं’ असं त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. आणि बाहेरच्या बाईचा थकवा त्याला बरा दिसला.

शनिवारी सकाळी तिनं खडा टाकून पाहिला. नवरा आरशासमोर होता. शर्टाचं एक बटण चुकलं, तर त्यानं सगळीच सोडून वरपासून पुन्हा लावायला घेतली.

“एक चुकलं तर सगळी कशाला सोडतोस?” ती म्हणाली.

“बाबांचा मुलगा ना. ऑफिसात एक अक्षर चुकलं की ते अख्खं पान फाडून नव्यानं लिहायचे.”

“बरं. टॅबवर काय लिहीत असतोस तू?”

“मी? मला फोनवर धड पत्ता लिहिता येत नाही. बाबांना गाड्या लावून देतो, तेवढंच.”

“मग कीबोर्डला आपोआप सुचतं म्हणायचं. प्रेमाचं.”

“सुचू दे की. या घरात कुणाला तरी सुचतंय.”

तो हसला, पण तिच्याकडे न बघता. हल्ली तो तिच्याकडे बघतच नव्हता.

त्याला कारण होतं, निदान वरवरचं. महिन्यापूर्वी जेवताना ती म्हणाली होती, “आता माझ्यानं नाही होत रे. बाबांना शुश्रूषागृहात ठेवू या.” तो ताटाकडे बघतच ‘ठीक’ म्हणाला. सासरे पलीकडेच खुर्चीत होते. त्यांना कुठे काय कळतंय, म्हणून दोघांनी आवाजही खाली केला नव्हता.

रविवारी गाडी यायची होती. सासऱ्यांची बॅग दाराशी भरून ठेवली होती. दुसरी एक बॅग पलंगाखाली होती, ती तिची. सासऱ्यांची गाडी वळणाआड गेली की ती बहिणीकडे जाणार होती. परत यायचा विचार त्यात नव्हता.

रविवारी खालून हॉर्न वाजला. नवरा बॅग उचलून म्हणाला, “ही ठेवून येतो. मग बाबांना धरून नेऊ. टॅब द्यायला विसरू नकोस, तिकडे त्यांना करमायचं नाही.”

जिन्यावर त्याची पावलं उतरत गेली.

तिनं सासऱ्यांच्या मांडीवरून टॅब उचलला. पुरावा आता गाडीत बसून जाणार होता. जाण्यापूर्वी एकदा शेवटपर्यंत वाचावा, असं तिला वाटलं. आजवर ती तुकडेच बघत आली होती. सासरे तिच्याकडे बघत होते. ते नेहमीच बघायचे.

तिनं ‘मी’ टाइप केलं. मग मधला शब्द दाबत गेली.

‘जायला’. ‘तयार’. ‘आहे’.

म्हणजे तोही निघालाच होता. बरं झालं, बॅग आपण आधी भरली. ती दाबत राहिली.

‘त्याला’. ‘कळू’. ‘देऊ’. ‘नकोस’.

हे ओळखीचं होतं.

‘तू’. ‘फार’. ‘थकलेली’. ‘दिसतेस’.

इथवर ती पहिल्या दिवशीही आली होती. तेव्हा दूध उतू गेलं होतं. आज गॅस बंद होता. तिनं आणखी एकदा बोट टेकवलं.

‘सूनबाई’.